विटेवरून उतरू नका



आज वाखरीचा मुक्काम. उद्या पंढरी, परवा एकादशी. आळंदीपासून चालून पाय सुजलेत तुमचे, ठाऊक आहे मला. म्हणून लांबण लावत नाही. एकच प्रश्न विचारतो. आपला देव विटेवर उभा का?

लहान पोरगंही सांगेल, पुंडलिकाने वीट दिली म्हणून. तो आईबापाचे पाय चेपत होता. दारात परब्रह्म आलं, तरी हा उठेना. हाताला लागली ती वीट सरकवली आणि म्हणाला, देवा, जरा थांब. आणि देव थांबला. अठ्ठावीस युगं झाली, अजून थांबलाय.

आपण पुंडलिकाचं कौतुक करतो. करावंच. पण माऊली, आज त्या थांबणाऱ्याकडे बघा. 'थांब' म्हटलं आणि जो खरंच थांबला, त्याचं देऊळ झालं.

आता माझी एक गोष्ट. सांगायला लाज वाटते. पण कीर्तनकाराने लोकांचेच दोष सांगावेत, असं कुठं आहे?

मुंबईत एका मोठ्या रुग्णालयात कॅन्सर झालेल्या लेकरांचा वॉर्ड आहे. तिथे मी दर गुरुवारी जातो. चौदा वर्षं झाली. औषधातलं मला काही कळत नाही. लेकरांशी खेळायचं, गोष्ट सांगायची, आईला तासभर मोकळं करायचं. तेवढ्यात ती बिचारी आंघोळ करून दोन घास खाऊन येते. एवढंच काम.

लहान मुलांत रक्ताच्या कॅन्सरचा जो प्रकार सगळ्यात जास्त दिसतो, त्याचे उपचार दोन-अडीच वर्षं चालतात. ते वेळेवर सुरू झाले आणि पुरे झाले तर पुष्कळ लेकरं बरी होतात. पण पुरे व्हायला हवेत ना! बाप बिहारातून आलेला, नाहीतर आपल्या विदर्भातून. मजुरी बुडालेली, शेत गहाण, घरी दुसरी पोरं. दोन-चार महिन्यांनी पोर हसायला लागलं की म्हणतो, चला गावी. आणि दुखणं मागनं येतं. तिथे एका दिवसाची दया कामाची नाही. तिथे थांबणारा माणूस लागतो.

गाडगेबाबांनी हे ओळखलं होतं. पंढरपूर, आळंदी, देहू, नाशिक, जिथे माणूस उघड्यावर पडतो तिथे त्यांनी धर्मशाळा उभ्या केल्या. बाबा १९५६ साली गेले. आज दादरला त्यांच्या नावाची धर्मशाळा आहे. परळच्या टाटा रुग्णालयात देशभरातून येणारे रुग्ण आणि त्यांचे नातलग तिथे राहतात. बाबांनी माणसाला थांबता यावं म्हणून विटा रचल्या.

आणि मी? मी विटेवरून उतरलो. कसा ते ऐका.

बिहारचा एक पोरगा होता, आठ वर्षांचा. मराठी येत नव्हतं, पण लुडो फार छान खेळायचा. एका गुरुवारी खेळ अर्धा राहिला, माझी गाडीची वेळ झाली. तो म्हणाला, "अगले गुरुवार आइएगा बाबा, हमारा चाल बाकी है." मी म्हणालो, येतो.

पुढचा गुरुवार आला. एका गावच्या सप्ताहात कीर्तन मिळालं. दक्षिणा चांगली होती, खोटं कशाला बोलू? गेलो तिकडे. दोन तास रंगलं कीर्तन, लोक डोलले. विषय कोणता होता? सेवा!

त्याच्या पुढच्या गुरुवारी वॉर्डात गेलो. खाटेवर दुसरं लेकरू. सिस्टर म्हणाल्या, "मंगळवारी गेला. त्या गुरुवारी दारात कुणी आलं की मान वळवून बघत होता हो." त्याची आई जाताना लुडोचा पट माझ्यासाठी ठेवून गेली होती. सोंगट्या पिशवीत भरून.

तीन महिने मी तिकडे फिरकलो नाही. मनाला समजूत घातली, आपलं मन हळवं, आपल्याला सोसत नाही. मग एका पहाटे काकड्याला उभा होतो, आणि नजर त्या विटेवरच्या पायांवर गेली. म्हटलं, अरे, हळवं मन तुझंच का? त्या आईला नाही का मन? तिला खाटेजवळून उठून जाता येतं का? तुला उठता आलं, म्हणून तू उठलास!

परत गेलो. तेव्हापासून गुरुवार कुणाला देत नाही. वारीतसुद्धा गुरुवारी एसटी धरतो आणि शुक्रवारी दिंडी गाठतो. विणेकरी रागावतात. रागावू देत.

तुम्ही विचाराल, महाराज, यातून मिळालं काय? वारकऱ्याने फळ विचारू नये म्हणतात, पण मिळालं ते सांगतो.

चार वर्षांची एक मुलगी होती. डोक्यावर केस नाहीत, सुई दिसली की माझ्या उपरण्यात तोंड लपवायची. तिचे उपचार पुरे झाले, ती गावी गेली. परवाच्या वर्षी तपासणीला आली, तेरा वर्षांची, दोन वेण्या घातलेली. मी म्हणालो, "ओळखलंस का गं?" ती आईच्या मागे सरकली आणि हळूच म्हणाली, "कोण गं हे?" आई ओशाळली बिचारी. मी बाहेर येऊन जिन्यात बसलो आणि रडलो. आनंदाने, बरं का! ती सुई विसरली, उलट्या विसरली, रात्रीचं कण्हणं विसरली, आणि त्यांच्याबरोबर मलाही विसरली. तिचं दुखणं इतकं मागे पडलं होतं. मायबाप, याहून मोठी दक्षिणा मला कुणी दिली नाही.

दुसरं फळ. पूर्वी मी कीर्तनात रोग्याला त्याचं प्रारब्ध सांगत असे. एका आईने मला विचारलं, "माझ्या पोराने कधी पाप केलं हो? त्याला तर अजून नीट बोलतासुद्धा येत नाही." त्या दिवसापासून तो शब्द मी दुखणाऱ्या माणसापुढे काढत नाही. चौदा वर्षांत त्या लेकरांनी माझं कीर्तन सोवळं केलं.

तुम्हाला जावंसं वाटलं तर आधी रुग्णालयाच्या समाजसेवा विभागात विचारा. सर्दी-खोकला असेल तर जाऊ नका. हात धुवा. फुलं, प्रसाद, उघडा खाऊ नेऊ नका. औषधांनी त्या लेकरांची ताकद कमी झालेली असते, साधा ताप भारी पडतो. फोटो काढू नका. 'नक्की बरा होशील' असं वचन देऊ नका, ते आपल्या हातात नाही. 'पुढच्या गुरुवारी येईन' हे आपल्या हातात आहे. तेवढंच द्या आणि पाळा.

मुंबई लांब पडते? रक्त द्या. त्यातल्या प्लेटलेट पाचच दिवस टिकतात, म्हणून देणारा पुन्हा पुन्हा लागतो. गावात एखादं लेकरू उपचार घेऊन आलं तर त्याला दूर बसवू नका, हा रोग लागट नाही. त्याची रुग्णालयाची फेरी चुकू देऊ नका. गाडीभाड्याला दहा घरांनी हात लावला की फेरी होते.

परवा दर्शन होईल. नाहीतर कळसाला हात जोडाल, तेही दर्शनच. देवाचे पाय आठवा, आणि पायांखालची वीट आठवा. कधीतरी एखादं लेकरू तुमच्यापुढेही वीट सरकवील. म्हणेल, पुढच्या खेपेला या, माझी चाल बाकी आहे.

उभे राहा, मायबाप. उतरू नका.

बोला, पुंडलिक वरदे हरि विठ्ठल!