हाताने भरलेले काडतूस आणि दाबाची मर्यादा

रायफलचे काडतूस चार घटकांचे असते: पितळेची पुंगळी, तिच्या बुडाशी बसवलेली टोपी, आतली दारू आणि तोंडाशी घट्ट बसवलेली गोळी. चाप ओढला की टोपीवर ठोका बसतो, टोपीतला मसाला पेटतो, त्याची ज्वाला बुडातल्या छिद्रातून दारूपर्यंत पोचते आणि जळणाऱ्या दारूचा वायू गोळीला नळीतून पुढे रेटतो. गोळी निघून जाते, दारू आणि टोपी खर्ची पडतात, पुंगळी मात्र शाबूत राहते. ती साफ करून, मापात आणून, नवी टोपी, दारू आणि गोळी घालून काडतूस पुन्हा तयार करण्याच्या कामाला अमेरिकेत हँडलोडिंग म्हणतात. तिथल्या शिकाऱ्यांत तो जुना आणि कायदेशीर छंद आहे.

१८७० च्या दशकात अमेरिकेच्या गवताळ मैदानांवर रानगव्यांची शिकार करणारे लोक तळावरच काडतुसे भरत. त्या वेळी काळी दारू वापरली जाई. तिच्यासाठीच बेतलेली पुंगळी काठोकाठ भरली तरी दाब मर्यादेत राही. पुंगळी हेच माप होते. १८८४ मध्ये पॉल व्हिएय या फ्रेंच रसायनज्ञाने बिनधुराची दारू तयार केली आणि हा हिशेब मोडला. नवी दारू कितीतरी अधिक जोरकस होती आणि तिचे प्रकारही अनेक निघाले. एका प्रकाराने पुंगळी अर्धी भरली तरी पुरते, तर दुसऱ्याने ती गळ्यापर्यंत भरावी लागते. डोळ्यांनी मापण्याचे दिवस संपले आणि तराजू अपरिहार्य झाला. दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रूस हॉजडन यांनी लष्कराची शिल्लक दारू विकत घेऊन टपालाने विकायला सुरुवात केली. कॅलिफोर्नियातल्या ओरोव्हिलमध्ये फ्रेड हंटिंग्टन यांच्या आरसीबीएस कंपनीचे प्रेस आणि त्यात बसवून पुंगळी मापात आणणारे डाय मिळू लागले. छंद घरोघरी पोचला.

भारतात चित्र वेगळे आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार हौसेच्या शिकारीला बंदी आहे आणि १९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार परवान्याशिवाय दारूगोळा तयार करणे गुन्हा आहे. महाराष्ट्राला या विषयाची ओळख आहे ती कारखान्यांमुळे. पुण्याजवळच्या खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ पासूनचा, आणि जळगाव जिल्ह्यातल्या वरणगावच्या कारखान्यातही रायफलची काडतुसे बनतात. कारखान्यात दाब मोजणारी यंत्रे असतात. घरच्या मेजावर ती नसतात. घरी भरलेल्या काडतुसाची सुरक्षितता म्हणूनच एखाद्या उपकरणावर अवलंबून नसते. ती कामाच्या क्रमावर अवलंबून असते: मर्यादेकडे नेहमी खालून जायचे आणि एका वेळी एकच गोष्ट बदलायची.

ही मर्यादा कोणती, हे .३०-०६ स्प्रिंगफील्ड या काडतुसावरून पाहता येते. अमेरिकी लष्कराने ते १९०६ मध्ये स्वीकारले आणि हरणांच्या शिकारीसाठी ते आजही वापरात आहे. काडतूस आणि रायफल बनवणाऱ्या कंपन्यांची सामी ही संस्था १९२६ मध्ये स्थापन झाली. तिने या काडतुसासाठी दर चौरस इंचाला ६०,००० पौंड हा कमाल दाब ठरवला आहे. मोटारीच्या टायरमधल्या दाबाच्या हा सुमारे दोन हजार पट होतो. .२७० विंचेस्टरसाठी हीच मर्यादा ६५,००० आहे. बिनधुराच्या दारूचा एक गुण इथे लक्षात ठेवावा लागतो. दाब वाढला की ती अधिक वेगाने जळते, आणि वेगाने जळली की दाब आणखी वाढतो. दारू दोन टक्क्यांनी वाढवली तर दाब दोनच टक्क्यांनी वाढेल, असे गृहीत धरता येत नाही. .३०-०६ मध्ये साधारण तीन ते चार ग्रॅम दारू मावते आणि तिचे वजन ग्रेनमध्ये करतात. एका पौंडात ७,००० ग्रेन असतात. एका ग्रेनची चूक म्हणजे एकूण दारूच्या सुमारे दोन टक्क्यांची चूक.

काम सुरू होते पुस्तकापासून. हॉर्नडी, सिएरा, नॉस्लर, लायमन अशा कंपन्या आपापल्या प्रयोगशाळेत दाब मोजून तक्ते छापतात. तक्त्यात गोळीचे वजन, दारूचे नाव, सुरुवातीचे प्रमाण आणि कमाल प्रमाण दिलेले असते. सुरुवातीचे प्रमाण दिलेले नसेल तर कमाल आकड्याच्या दहा टक्के खालून सुरुवात करण्याचा प्रघात आहे. तक्ता वाचताना दारूचे नाव अक्षर न् अक्षर जुळले पाहिजे. एच ४८३१ आणि आयएमआर ४८३१ या दोन डब्यांवर आकडा एकच, पण दुसरी दारू पहिलीपेक्षा वेगाने जळते. एकीसाठी छापलेले कमाल प्रमाण दुसरीने भरले तर दाब मर्यादेबाहेर जाऊ शकतो. मेजावर एका वेळी दारूचा एकच डबा ठेवायचा आणि उरलेली दारू त्याच डब्यात परत ओतायची, हा नियम यातूनच आला. लेबल नसलेल्या डब्यातली दारू वापरायची नाही. ती पाहून किंवा हुंगून ओळखू येत नाही.

मग पुंगळ्यांची पाळी येते. त्या एकाच कंपनीच्या आणि शक्यतो एकाच खेपेच्या असाव्यात. लष्करी पुंगळ्यांच्या भिंती बहुधा जाड असतात, आतली जागा कमी पडते आणि तेवढ्याच दारूने दाब अधिक चढतो. प्रत्येक पुंगळी साफ करून उजेडात फिरवून पाहतात. मानेवर उभी चीर असेल तर ती बाद. बुडाच्या जरा वर भोवताली चकचकीत कडे दिसले तर संशय घ्यावा. सरळ केलेल्या कागदाच्या क्लिपचे टोक काटकोनात वाकवून ते पुंगळीत घालतात आणि आतल्या भिंतीवरून बुडाकडून वर ओढतात. टोक एखाद्या खाचेत अडकले तर तिथले पितळ ताणून पातळ झालेले आहे. अशी पुंगळी पुढच्या बाराला त्या जागी फाटू शकते आणि गरम वायू बोल्टकडे, म्हणजे नेमबाजाच्या चेहऱ्याच्या दिशेने फुटतो. असे पितळ बहुतेक वेळा डायच्या चुकीच्या जुळणीने ताणले जाते. पुंगळी पूर्ववत मापात आणताना तिचा खांदा गरजेपेक्षा जास्त मागे ढकलला, तर ती चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाच्या काडतूस बसण्याच्या पोकळीत, सैल बसते. बाराच्या वेळी तिचा पुढचा भाग भिंतीला चिकटून राहतो आणि बूड मागे ओढले जाते.

डायमध्ये घालण्याआधी पुंगळीला बाहेरून वंगणाचा पातळ हात लावतात. वंगण कमी पडले तर ती डायमध्येच रुतते, जास्त झाले तर खांद्यावर पोचे पडतात. याच फेरीत डायमधली पिन जुनी टोपी बाहेर ढकलते. नंतर कॅलिपरने लांबी मोजतात. .३०-०६ च्या पुंगळीची कमाल लांबी २.४९४ इंच, त्याहून लांब झालेली पुंगळी कापून २.४८४ वर आणतात. लांब पुंगळीचे तोंड चेंबरच्या टोकाशी दाबले जाऊन गोळीला आवळून धरते आणि दाब अचानक चढतो. नवी टोपी बुडाच्या पातळीपेक्षा किंचित आत बसली पाहिजे. वर राहिलेली टोपी एम-वन गॅरंडसारख्या अर्धस्वयंचलित रायफलमध्ये बोल्टच्या धक्क्यानेच उडू शकते. टोप्या हाताळताना डोळ्यांवर चष्मा हवा आणि टोप्या मूळ वेष्टनातच ठेवायच्या. डबीत एकत्र ओतलेल्या टोप्यांपैकी एक उडाली तर सगळ्या उडतात.

दारू भरण्याआधी ठरावीक वजनाचे माप ठेवून तराजू तपासतात. भरलेल्या पुंगळ्या लाकडी ठोकळ्यात उभ्या करून वरून विजेरीचा झोत टाकतात. सगळ्यांतली दारू एका पातळीवर दिसली पाहिजे. एकीत ती उंच वा खोल दिसली तर ती रिकामी करून पुन्हा तोलायची. गोळी बसवताना काडतुसाची एकूण लांबी पुस्तकाप्रमाणे ठेवतात; .३०-०६ साठी ती कमाल ३.३४० इंच. गोळी नळीतल्या आट्यांना आधीच टेकली तर तिला पहिली मोकळी झेप मिळत नाही आणि दाब वाढतो. गोळी प्रमाणाबाहेर आत गेली तर दारूची जागा कमी होते.

आता चाचणी. सुरुवातीच्या प्रमाणापासून अर्ध्या ग्रेनच्या किंवा त्याहून लहान पायऱ्यांनी वर जात प्रत्येक पायरीची तीन ते पाच काडतुसे भरतात. शूटिंग रेंजवर खालच्या पायरीपासून क्रमाने बार करतात, प्रत्येक पुंगळी पाहतात आणि क्रोनोग्राफवर वेग टिपतात. बोल्ट उचलायला जड जाणे, बुडावर इजेक्टरचा चकचकीत ठसा उमटणे, टोपी पसरून कडेपर्यंत चपटी होणे किंवा तिला भोक पडणे, टोपीची खोबण सैल होणे ही जादा दाबाची लक्षणे. यांपैकी एकही दिसले तर तिथेच थांबायचे आणि वरच्या पायऱ्यांची काडतुसे न उडवता मोडायची. टोपीचे लक्षण फसवे असते. मऊ टोपी साध्या दाबालाही चपटी होते आणि कडक टोपी जादा दाबालाही शाबूत दिसते. बोल्ट अडकण्याच्या वेळी तर दाब बहुधा मर्यादा ओलांडून गेलेला असतो. लक्षणे दिसली नाहीत म्हणून पुस्तकातल्या कमाल आकड्याच्या पुढे जाता येत नाही. वेग अधिक खरे बोलतो. पुस्तकातला कमाल वेग कमी दारूतच गाठला गेला, तर तो जादा दाबाचाच वेग असतो.

खालच्या बाजूलाही सीमा आहे. मंद जळणारी दारू छापलेल्या किमान प्रमाणापेक्षा खूप कमी घातल्याने रायफली फुटल्याच्या घटना नोंदल्या गेल्या आहेत. त्यामागचे नेमके कारण काय, यावर एकमत झालेले नाही. कमी म्हणजे नेहमीच सुरक्षित, हा समज म्हणून सोडावा लागतो. घटकांपैकी एक जरी बदलला, मग ती दुसऱ्या कंपनीची टोपी असो वा दारूचा नवा डबा, तर पुन्हा खालून सुरुवात करायची.

हवामानाचा हिशेब शिकारीच्या मोसमाशी जोडलेला आहे. विस्कॉन्सिन राज्यात हरणांच्या बंदुकीच्या शिकारीचा नऊ दिवसांचा मोसम थँक्सगिव्हिंगच्या आधीच्या शनिवारी, म्हणजे नोव्हेंबरच्या थंडीत सुरू होतो. काडतुसे जुळवण्याचे काम बहुधा उन्हाळ्यात होते आणि हा क्रम सोयीचा आहे. दारू तापली की दाब वाढतो; जुलैच्या उन्हात मर्यादेत राहिलेले काडतूस थंडीत आणखी खाली राहते, फक्त वेग थोडा घटतो. थंडीत कमाल प्रमाणापर्यंत नेलेले काडतूस आफ्रिकेच्या उन्हात नेले तर उलट घडते. तापमानाला कमी दाद देणारी दारूही आता मिळते, पण मोसमाच्या तोंडावर थंड हवेत नेम पुन्हा तपासण्याला पर्याय नाही.

गोळीची निवड जनावरावरून होते. कॅनडात मूसच्या शिकारीत गोळ्या नीट आत न शिरल्याचा अनुभव आल्यावर जॉन नॉस्लर यांनी १९४८ मध्ये पार्टिशन ही गोळी आणली. तिच्या मधल्या धातूच्या पडद्यामुळे पुढचा भाग पसरतो आणि मागचा एकसंध राहतो. शिशाचे कण गिळून मरणाऱ्या काँडोर पक्ष्यांमुळे कॅलिफोर्नियात १ जुलै २०१९ पासून शिकारीत शिशाच्या गोळ्यांवर पूर्ण बंदी आहे. तिथे तांब्याच्या गोळ्या वापरतात. तांबे शिशाहून हलके असल्याने त्याच वजनाची गोळी लांब होते आणि पुंगळीत अधिक जागा खाते, म्हणून तिचा तक्ताही वेगळा असतो. हरणाचा मर्मभाग साधारण वीस-पंचवीस सेंटिमीटर रुंद असतो. नेहमीच्या अंतरावर तिथे अचूक लागणारी, कमाल प्रमाणाच्या बरीच खाली भरलेली गोळी पुरेशी ठरते. शेवटच्या थोड्या वेगासाठी मर्यादेच्या काठावर जाण्याने शिकारीत काही पदरात पडत नाही.

निवडलेल्या पायरीची काडतुसे भरली की प्रत्येक काडतूस मॅगझीनमधून चेंबरमध्ये सरकवून पाहतात. या वेळी बोल्टमधली फायरिंग पिन काढून ठेवायची, म्हणजे चुकून बार होण्याची शक्यता उरत नाही. डबीवर पुंगळीची कंपनी, टोपी, दारूचे नाव आणि वजन, गोळी, एकूण लांबी आणि तारीख लिहितात. हाच मजकूर वहीत चढतो. दारू मूळ डब्यात, थंड आणि कोरड्या जागी, मुलांच्या हाताबाहेर ठेवतात. अमेरिकेतल्या अग्निसुरक्षेच्या प्रमाण नियमांत घरात अशा डब्यांतल्या २० पौंडांपर्यंतच्या साठ्याला मुभा आहे. शिशाच्या धुळीमुळे कामाच्या मेजावर खाणेपिणे वर्ज्य असते आणि उठताना हात धुवायचे असतात. ज्या काडतुसाची नोंद सापडत नाही, ते दुसऱ्याने दिलेले असो वा स्वतःच्याच कपाटात मिळालेले, रायफलमध्ये घालायचे नाही. गोळी ओढून काढण्याच्या साधनाने ते मोडायचे, दारू टाकून द्यायची आणि पुंगळी पुन्हा पहिल्या तपासणीला घ्यायची.