बयलाटापासून विद्यापीठापर्यंत : डॉ. चंद्रशेखर कंबार
(सुवर्ण महोत्सवी व्याख्यानमालेतील भाषण)



आहार, औषध, ज्ञान आणि अभय ही चार दाने आपल्या शास्त्रांनी श्रेष्ठ मानली. त्यांपैकी ज्ञानदानाचे फळ डोळ्यांना लवकर दिसत नाही. म्हणूनच सीमेपलीकडील, परंतु आपल्या अगदी शेजारच्या एका विद्वानाचे चरित्र आज समजून घेणे उचित ठरेल.

२ जानेवारी १९३७ रोजी बेळगाव जिल्ह्यातील घोडगेरी या खेड्यात, एका लोहाराच्या घरी चंद्रशेखर कंबार यांचा जन्म झाला. गरिबीमुळे शाळा सुटली. त्या वेळी सावळगी मठाच्या सिद्धराम स्वामीजींनी या मुलाच्या माध्यमिक शिक्षणाचा खर्च उचलला. पुढे बेळगावच्या लिंगराज महाविद्यालयातून पदवी आणि धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठातून एम. ए. अशी मजल त्यांनी मारली. मठाच्या वहीत ती रक्कम किरकोळ खर्चात पडली असेल. कन्नड संस्कृतीच्या खात्यात मात्र ती अक्षय ठेव ठरली.

कंबारांनी पीएच. डी.साठी निवडलेला विषय त्या काळी धाडसाचाच म्हणावा लागेल. उत्तर कर्नाटकातील लोकरंगभूमीचा त्यांनी शास्त्रशुद्ध अभ्यास केला. बयलाट म्हणजे मोकळ्या मैदानावर रात्रभर चालणारा खेळ. तो करणारे शेतकरी आणि कारागीर. त्यांतील कितीतरी जण निरक्षर, पण शेकडो पदे मुखोद्गत असलेले. हे ज्ञान विद्येच्या दरबारात बसण्यास पात्र आहे की नाही, हा खरा प्रश्न होता. कंबारांनी आयुष्यभर त्याचे होकारार्थी उत्तर दिले. शिकागो विद्यापीठात आणि त्यानंतर दोन दशकांहून अधिक काळ बंगळूर विद्यापीठात अध्यापन करीत असताना त्यांनी कन्नड लोकसाहित्याचा द्विखंडी कोश संपादित केला. १९७२ साली रंगभूमीवर आलेल्या त्यांच्या ‘जोकुमारस्वामी’ या नाटकात एक जुना ग्रामीण विधी आहे आणि जमीन कसणाऱ्याची की मालकाची, हा रोकडा सवालही आहे.

१९९१ साली कर्नाटक सरकारने हंपीजवळ कन्नड विद्यापीठ स्थापन केले आणि त्याचे पहिले कुलगुरू म्हणून कंबारांची निवड झाली. शून्यातून उभारणी करावयाची होती. नेहमीच्या पदव्या देणारे आणखी एक विद्यापीठ काढणे सोपे होते. महाविद्यालये संलग्न होतात, परीक्षा शुल्क जमा होते, जमाखर्चाचा मेळ बसतो. येथे तो मार्ग सोडून संशोधनाला अग्रस्थान देण्यात आले. भाषा, इतिहास, लोकसाहित्य, आदिवासी जीवन यांचे विभाग सुरू झाले. गायकांच्या कंठात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेली ‘मंटेस्वामी’सारखी मौखिक महाकाव्ये या विद्यापीठाने ग्रंथरूपात आणली. तो गायक गेला असता तर त्याच्याबरोबर एक संपूर्ण ग्रंथालयच गेले असते!

या विद्यापीठाच्या सन्माननीय पदवीचे नाव ‘नाडोज’, म्हणजे साऱ्या देशाचा गुरू. कन्नडचा आदिकवी पंप याला हे बिरुद लावले जाते आणि पंप हा जैन कवी, हे येथे वेगळे सांगावयास नको. इ. स. ९४१ च्या सुमारास त्याने ‘आदिपुराण’ रचले. भगवान ऋषभदेवांच्या सभेत नृत्य करता करता नीलांजनेचे आयुष्य संपते. इंद्र तत्क्षणी दुसरी नर्तकी उभी करतो. सभेला काहीच कळत नाही. ऋषभदेवांना मात्र कळते आणि वैराग्य उत्पन्न होते. रंगमंच हा केवळ करमणुकीचा नसून बोधाचाही असतो, हे आपल्या परंपरेने असे फार पूर्वीच ओळखले होते. त्याच हंपी परिसरात सेनापती इरुगप्पाने १३८५ साली बांधलेले कुंथुनाथांचे मंदिर आजही उभे आहे.

पुढे कंबार राष्ट्रीय नाट्य विद्यालयाच्या संस्थेचे अध्यक्ष झाले. २०१० सालचे ज्ञानपीठ त्यांना मिळाले. २०१८ मध्ये ते साहित्य अकादमीचे अध्यक्ष म्हणून निवडून आले. त्या निवडणुकीत देशीवादाचे पुरस्कर्ते, आपले भालचंद्र नेमाडे हेही उमेदवार होते. २०२१ मध्ये पद्मभूषणाने त्यांचा गौरव झाला. मानसन्मानांची यादी मोठी आहे. तिचे मूळ मात्र एका शालेय विद्यार्थ्याला मिळालेल्या मदतीत आहे.

पन्नास वर्षे पूर्ण करणाऱ्या कोणत्याही विश्वस्त संस्थेने यातून एवढेच घ्यावे. इमारतीच्या कोनशिलेवर दात्याचे नाव राहते. शिकलेल्या मुलाच्या कर्तृत्वावर ते कोरलेले नसते. तरीही दुसरे दान पहिल्यापेक्षा कमी प्रतीचे नाही. शिष्यवृत्तीचा अर्ज हाती आला की त्यावरील गुणांबरोबर, शाळा का सुटली याचीही चौकशी व्हावी. एखाद्या घोडगेरीत एखादा चंद्रशेखर आजही थांबलेला असेल.

जय जिनेंद्र!