हृदयाचा पंप आणि दाबाचे गणित



काशीत रामघाट, दुर्गाघाट आणि ब्रह्माघाट ह्या परिसरात पिढ्यान्‌पिढ्या मराठी कुटुंबे राहत आली आहेत. गंगा चढली की वरुणा फुगते, हे त्यांना कुणी शिकवावे लागत नाही. वरुणेच्या खोऱ्यात पाऊस नसला तरी संगमापाशी तिला वाट मिळत नाही. पाणी उलटे सरते आणि तिच्या काठची घरे बुडतात. वाराणसीत गंगेची धोक्याची पातळी ७१.२६ मीटर मानतात. १९७८ साली ती ७३.९० मीटरपर्यंत चढली होती.

मानवी हृदयातही असाच प्रकार घडतो. विश्रांतीच्या वेळी हृदयाची डावी जवनिका मिनिटाला सुमारे ५ लिटर रक्त शरीरभर पाठवते. ती थकली की रक्त मागे फुफ्फुसांत तुंबते आणि तो ताण पुढे उजव्या जवनिकेवर येतो. मग घाटाच्या चार पायऱ्या चढताच धाप लागते, रात्री आडवे निजवत नाही, पाय सुजतात.

हा ताण मोजावा कसा? १९२९ साली वेर्नर फोर्समन ह्या तरुण जर्मन डॉक्टराने दंडाच्या शिरेतून एक बारीक नळी स्वतःच्याच हृदयापर्यंत सरकवली. ह्या कार्याबद्दल १९५६ साली त्यास दोन अन्य संशोधकांसह नोबेल पारितोषिक मिळाले. १९७० साली स्वान आणि गांझ ह्यांनी नळीच्या टोकाला इवलासा फुगा बसवला. रक्ताच्या ओघाबरोबर तो फुफ्फुसाच्या रोहिणीत वाहत जातो आणि तेथून डाव्या बाजूच्या दाबाचाही अंदाज देतो.

थकलेल्या डाव्या जवनिकेस यांत्रिक पंपाचा आधार देता येतो. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी चाचणीत १२९ अत्यवस्थ रोगी होते. केवळ औषधांवर असलेल्यांपैकी वर्षअखेर शेकडा २५ हयात होते, तर पंप बसवलेल्यांपैकी शेकडा ५२. आजच्या चुंबकीय पंपाच्या चाचणीत पाच वर्षांनंतर शेकडा ५८ रोगी हयात आढळले.

परंतु हा पंप फक्त डाव्या बाजूचा आहे. त्याला रक्त पुरवायचे ते उजव्या जवनिकेनेच. ती दुबळी असेल, तर उत्तम पंपही कोरड्या विहिरीवरच्या मोटेसारखा ठरतो. म्हणून शस्त्रक्रियेपूर्वी एक साधे गणित करतात. फुफ्फुसाच्या रोहिणीतील वरच्या दाबातून खालचा दाब वजा करावा आणि उरलेल्या आकड्यास उजव्या कर्णिकेतील दाबाने भागावे. समजा, एका रोग्याचे दाब ५० आणि २५ असून कर्णिकेत १० आहे. उत्तर येते अडीच. दुसऱ्याचे ३६ आणि २४, कर्णिकेत १६; उत्तर पाऊण. रोहिणीतला दाब दुसऱ्याचा कमी, म्हणून तो बरा, असे वाटेल. वस्तुतः त्याच्या उजव्या जवनिकेत दाब उत्पन्न करण्याचे बळच उरलेले नसण्याचा संभव असतो. अशा रोग्याच्या बाबतीत पंपानंतर उजवे हृदय कोलमडण्याचे भय अधिक. अर्थात एका आकड्यावर निर्णय होत नाही. इतर तपासण्याही पाहाव्या लागतात.

पंप बसला म्हणजे मोजणे संपले, असेही नाही. वेग कमी पडला तर फुफ्फुसे तुंबलेली राहतात. फाजील झाला तर हृदयातील पडदा डावीकडे ओढला जाऊन उजवी जवनिका अडचणीत येते. शिकागोत २०१६ साली झालेल्या एका अभ्यासात, नेहमीच्या वेगावर दोन्ही बाजूंचे दाब योग्य असलेले रोगी निम्म्याहूनही कमी निघाले. अशा रोग्याची नाडी पुष्कळदा हाताला लागत नाही. रक्तदाब ध्वनिलहरींच्या यंत्राने पाहावा लागतो. सरासरी दाब ९० च्या फार वर गेल्यास मेंदूतील रक्तस्रावाचे भय वाढते.

ह्या जीवनाला बंधनेही आहेत. पोटातून बाहेर येणारी तार जपायची, रक्त पातळ ठेवण्याची औषधे घ्यायची, विजेची सोय क्षणभरही चुकू द्यायची नाही. काशीकराला तर गंगेत बुडी मारण्याचे सुखही सोडावे लागेल. पंपाचा खर्चही सामान्य कुटुंबाला न पेलणारा. म्हणून असा सल्ला मिळालेल्या रोग्याच्या आप्तांनी “पंप कितीला?” एवढेच विचारून थांबू नये. “उजव्या बाजूचे बळ किती आहे?” हा प्रश्न आधी विचारावा. पुढील आयुष्याचे पुष्कळसे उत्तर त्यातच दडलेले असते.