ब्लूटूथ : ओळख आणि विश्वास



मनगटावरचे घड्याळ, कानातला इअरफोन आणि खिशातला मोबाइल ही यंत्रे तारेवाचून एकमेकांस कशी ओळखतात, याचा थोडक्यात विचार आम्ही आपणांपुढे मांडू इच्छितो.

या व्यवस्थेस ब्लूटूथ म्हणतात. स्वीडनमधील एरिक्सन कंपनीत १९९४ साली या कामास आरंभ झाला, आणि दहाव्या शतकातील डेन्मार्कचा राजा हॅराल्ड याच्या उपनावावरून हे नाव पडले. २०१० साली तिचा अत्यल्प विजेवर चालणारा प्रकार सिद्ध झाला. त्यात ४० वाहिन्या असून त्यांपैकी ३ मुख्य दवंडीसाठी राखून ठेविल्या आहेत. छोटे यंत्र ठराविक अंतराने या वाहिन्यांवर आपली दवंडी पिटते. साध्या दवंडीत केवळ ३१ बाइट मजकूर मावतो. म्हणून सेवेचे सबंध वर्णन न देता तिचा सांकेतिक क्रमांक दिला जातो. हृदयगती मोजण्याच्या सेवेचा क्रमांक १८०डी हा आहे. मोबाइल कान देऊन असतो. हवा तो क्रमांक ऐकू आला म्हणजे तो जोडणी करितो आणि मग सेवांची सविस्तर यादी मागतो.

परंतु दवंडी गावात आलेला परकाही ऐकतो. छातीवरच्या पट्ट्याची दवंडी ज्याच्या कानी पडेल त्यास, असे यंत्र बाळगणारे कोणी जवळपास आहे, एवढे तर कळतेच. आणि यंत्राचा पत्ता कायम एकच राहिला तर त्या व्यक्तीचा मागही काढता येतो. म्हणून हा पत्ता साधारणतः १५ मिनिटांनी बदलण्याची सोय या व्यवस्थेत आहे. मात्र प्रत्येक यंत्र ती वापरतेच असे नाही. २०२० सालच्या महामारीत ॲपल व गूगल यांनी रुग्णसंपर्क कळविण्याची जी योजना आखली, तीतही ओळखचिन्ह दर १० ते २० मिनिटांनी बदलत असे.

तात्पर्य, ओळख पटणे निराळे आणि विश्वास टाकणे निराळे. दवंडीतले नाव कोणासही धारण करिता येते. तेव्हा जोडणीची विचारणा आली असता 'होय' म्हणण्यापूर्वी समोरचे यंत्र कोणाचे ते पाहावे, दोन्ही पडद्यांवर आकडे उमटले तर ते जुळवून घ्यावे, आणि अनोळखी विचारणा निःसंकोच नाकारावी. घरातील वडीलधाऱ्या मंडळींस तरुणांनी एवढे समजावून द्यावे, अशी नम्र विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.