कंपनी गेली, आता तिथे काय?

(रौप्यमहोत्सवी सोहळ्यात सोसायटीच्या एका माजी सेक्रेटरींनी केलेलं भाषण. काही सभासदांच्या आग्रहावरून ते इथे छापत आहोत.)



मला सांगितलं होतं, "काका, जुन्या आठवणी सांगा, दहा मिनिटं बोला." आठवणी सांगतो, पण त्यातली एक जरा कडू आहे. पंचवीस वर्षं एकाच कंपाउंडमध्ये राहिल्यावर घरातल्या माणसांसमोर काय लपवायचं?

आपण डोंबिवलीच्या एमआयडीसीतले लोक. कोणत्या वासाला खिडकी लावायची आणि कोणत्या वासाला घराबाहेर पडायचं, हे आपल्या पोरांनाही कळतं. २०१४ च्या जानेवारीत हिरवा पाऊस बघितला, २०२० च्या फेब्रुवारीत गुलाबी रस्ता बघितला. मे २०१६ आणि मे २०२४ चे स्फोट तर कानात अजून आहेत. काचा बदलल्या, पण जी माणसं गेली ती गेली. त्यामुळे धोक्याच्या कंपन्या इथून हलवायची गोष्ट निघाली की आपण टाळ्या वाजवतो. मीही वाजवतो.

पण टाळ्या वाजवताना एक प्रश्न आपण विचारत नाही. कंपनी गेली, शेड रिकामी झाली, मग तिथे काय येणार? "काहीही येवो, केमिकल नको," हे आपलं ठरलेलं उत्तर. हेच उत्तर मी एकदा दिलं होतं, तीच ती कडू आठवण.

२००९ साल. मी सेक्रेटरी होतो. आपल्या मागच्या गल्लीतली एक बंद शेड कुणीतरी घेतली आणि तिथे लग्नाचा हॉल काढायचं ठरवलं. ते गृहस्थ माझ्या घरी आले, चहा घेतला. म्हणाले, "काका, सोसायटीचं ना-हरकत पत्र मिळालं तर काम सोपं होईल. तुमचं कंपाउंड रंगवून देतो, वॉचमनची केबिन बांधून देतो." आपला सिंकिंग फंड तेव्हा काय होता ते तुम्हाला माहीत आहे. मी विचार केला, लग्नाचा हॉल म्हणजे मंगल कार्य, त्यात वाईट काय? सभा बोलावली नाही. लेटरहेडवर सही केली, शिक्का मारला. रंग छान लागला.

पुढचं जुन्या लोकांना आठवतच असेल. बँड, जनरेटर, रात्री साडेअकराला फटाके आणि गेटसमोर दोन रांगांत गाड्या. एका मे महिन्यात तिसऱ्या मजल्यावरच्या आजींच्या छातीत दुखायला लागलं. रिक्षा गेटबाहेर काढायला पंचवीस मिनिटं लागली. वराचे काका गाडीची किल्ली शोधत होते. आजी वाचल्या, पुढे सहा वर्षं जगल्या, त्यांनी मला एका शब्दानंही बोल लावला नाही. पण ती पंचवीस मिनिटं माझ्या सहीची होती.

आज हे सांगायचं कारण वेगळं आहे. गेल्या महिन्यात कमिटीकडे एक गुळगुळीत माहितीपत्रक आलंय. मागच्याच पट्ट्यातल्या दुसऱ्या बंद कंपनीत "गेमिंग आणि करमणूक केंद्र" काढायचा विचार आहे. खाणं, बार, खेळ, रात्री उशिरापर्यंत. सोबत आपल्याला सोलर पॅनल देऊ केलेत. मुलं म्हणाली, "काका, हा काय कॅसिनो आहे का?" म्हटलं, नाव काहीही असो, प्रश्न तोच आहे. म्हणून आज कॅसिनोचंच उदाहरण घेऊन बोलतो. मोठ्या अक्षरात लिहिलेलं वाचायला सोपं जातं.

आधी कायदा. महाराष्ट्रात कॅसिनोचा कायदा १९७६ साली झाला होता, पण तो कधी अमलातच आला नाही. २०२३ मध्ये सरकारनं तो रद्द केला. म्हणजे आपल्या राज्यात कॅसिनोला दार बंद आहे. पण १८८७ च्या जुगारबंदीच्या जुन्या कायद्यात निव्वळ कौशल्याच्या खेळाला सूट आहे. कौशल्य कुठे संपतं आणि नशीब कुठे सुरू होतं, यावर वकील वर्षानुवर्षं भांडू शकतात. म्हणून दारावरच्या पाटीपेक्षा आत पैसा कसा फिरतो ते बघायचं.

गोव्याचं उदाहरण आपल्या जवळचं. तिथे १९९२ च्या दुरुस्तीनं पंचतारांकित हॉटेलांत जुगाराच्या यंत्रांना परवानगी मिळाली, १९९६ मध्ये जहाजांवरच्या टेबलांना. आज पणजीला मांडवीच्या काठावर संध्याकाळी उभे राहा, जहाजांच्या दिव्यांनी नदी लखलखते. ही जहाजं नदीतून हलवायची भाषा अनेक वर्षं चालू आहे आणि मुदतवाढही मिळत राहते. एकदा आलेली गोष्ट हलवणं किती कठीण, ते यावरून दिसतं. आणखी एक बघा. २०२० पासून गोव्याच्या रहिवाशांना कॅसिनोत खेळायला बंदी आहे. पर्यटक चालतो, गावचा माणूस नको. ज्या मिठाईवाल्याची मुलं त्याच्या दुकानातलं खात नाहीत, त्याच्या दुकानाबद्दल आपण काय समजायचं?

आता कारखान्याच्या जागेवरचा कॅसिनो. माझी लेक बॉस्टनजवळ असते. मागच्या वर्षी तिच्याकडे गेलो तेव्हा जावईबापूंनी गाडीतून एक चकचकीत तपकिरी टॉवर दाखवला. गाव एव्हरेट, नदी मिस्टिक. तिथे पूर्वी मोन्सँटोचा केमिकल कारखाना होता. कारखाना गेला, पण मातीत शिसं आणि आर्सेनिक राहिलं. नदीकाठची मोक्याची जागा कित्येक वर्षं पडून होती. ऐकताना मला आपलीच गल्ली आठवली.

त्या राज्यानं २०११ मध्ये कॅसिनोचा कायदा केला. त्यातली एक अट मला फार आवडली. ज्या गावात कॅसिनो यायचा, त्या गावाशी कंपनीनं आधी लेखी करार करायचा, तो लोकांपुढे ठेवायचा आणि मग गावानं मतदान करायचं. करार आधी, मत नंतर. एव्हरेटमध्ये जून २०१३ मध्ये मतदान झालं. बाजूनं ५,३२० मतं, विरुद्ध ८३३. बांधकामाच्या काळात तीन कोटी डॉलर आणि नंतर दरवर्षी अडीच कोटी डॉलरहून जास्त, असा करार होता. जमीन कंपनीनं स्वतःच्या खर्चानं साफ करायची. २३ जून २०१९ ला कॅसिनो सुरू झाला.

खरं सांगतो, मी विरोधाच्या तयारीनं बघायला गेलो होतो, पण तिथल्या लोकांचं म्हणणं मला पटलं. विषारी जमीन दुसरं कुणी साफ करत नव्हतं. त्यांनी सौदा केला, उघड्यावर केला आणि मोजून घेतलं. जवळच्याच ईस्ट बॉस्टनमध्ये त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये लोकांनी घोड्यांच्या रेसकोर्सवरच्या कॅसिनोला नकार दिला. तोही मतदानानंच. एकाच कायद्याखाली एकानं हो म्हटलं, दुसऱ्यानं नाही. दोघांनाही विचारलं गेलं होतं.

पण हिशेबाची दुसरी बाजूही आहे. एव्हरेटच्या कॅसिनोला जाणाऱ्या गाड्यांचा मोठा लोंढा शेजारच्या बॉस्टनमधल्या चार्ल्सटाउनच्या चौकातून जाणार होता. एव्हरेटच्या मतदानात त्या लोकांना मत नव्हतं. पैसा एकाच्या गावात, हॉर्न दुसऱ्याच्या खिडकीत. बॉस्टन शहर कोर्टात गेलं, २०१६ मध्ये तडजोड झाली. आपल्यासाठी धडा हा, की ज्याचा प्लॉट त्याचीच संमती पुरत नाही. रस्ता ज्यांच्या दारावरून जातो त्यांनाही विचारावं लागतं. आपल्या लग्नाच्या हॉलच्या वेळी मी पलीकडच्या सोसायटीला विचारलं होतं का? नाही. त्यांच्या गेटसमोर आपल्यापेक्षा जास्त गाड्या लागायच्या.

आणि पैसा येतो कुठून? कारखाना वस्तू तयार करतो, ती बाहेर विकतो, बाहेरचा पैसा पगाराच्या रूपानं आपल्या किराणा दुकानात येतो. जुगाराचं घर वस्तू तयार करत नाही. लांबून पर्यटक येत असतील तर निदान पैसा बाहेरचा. पण डोंबिवलीच्या मागच्या गल्लीत पर्यटक कोण येणार? येणार तो सात चाळीसच्या लोकलनं उतरलेला आपलाच माणूस, महिन्याच्या एक तारखेला. गणपतीच्या जागरणाला आपण पत्ते कुटतो, चार नाण्यांसाठी भांडतो, सकाळी आरतीला एकत्र उभे राहतो. तिथे हरणारा आणि जिंकणारा एकाच घरचा. धंद्याच्या जुगारात मात्र रोज जिंकणारा एकच, मालक. हरलेला दुप्पट खेळतो, हे धर्मराजापासून आपल्याला माहीत आहे. ऑनलाइन पैशांच्या खेळांवर केंद्रानं २०२५ मध्ये कायद्यानं बंदी घातली, ती उगाच नाही. मोबाइलमधून बाहेर काढलेली गोष्ट गल्लीत आणून बसवायची का?

रोजगाराचं म्हणाल तर तोही मुद्दा खोटा नाही. पण ज्याची लेथवरची नोकरी गेली तो पन्नाशीचा माणूस तिथे घेतला जाणार आहे का, की रात्रपाळीला कंत्राटी पोरं येणार? हे तोंडी सांगून चालणार नाही, कागदावर हवं.

माझं मत विचाराल तर ते स्पष्ट आहे. घरांना लागून असलेल्या कारखान्याच्या जागेवर असा धंदा नको. ती जागा लहान उद्योगांना द्या, जिथे धूर नाही पण हाताला काम आहे. गोदाम चालेल, वर्कशॉप चालेल, दवाखाना आला तर उत्तम. पण मी एकदा एकट्यानं ठरवलं होतं, तेव्हा आज पुन्हा एकट्याचं मत तुमच्यावर लादणार नाही.

म्हणून कमिटीला माझी हात जोडून विनंती आहे. त्या माहितीपत्रकाला अजून उत्तर देऊ नका. आधी सर्वसाधारण सभा घ्या. आणि सभासदहो, कमिटी विसरली तर तुम्ही विसरू नका. एक पंचमांश सभासदांनी लेखी मागणी केली तर कमिटीला महिन्याच्या आत विशेष सभा बोलवावी लागते. सभेच्या आधी त्यांच्याकडून लेखी घ्या: वेळ किती वाजेपर्यंत, गाड्या किती आणि कुठे लावणार, जमिनीतलं केमिकल कोण काढणार, आग लागली तर बंब कोणत्या रस्त्यानं आत येणार, आत पैशावर काय काय खेळलं जाणार. पलीकडच्या दोन्ही सोसायट्यांना बोलवा. जागेचा वापर बदलायची परवानगी एमआयडीसीकडून घ्यावी लागते, तेव्हा आपलं म्हणणं तिथेही पोहोचवा. आणि सोलर पॅनलचा विषय त्या सभेत काढूच नका. पॅनल हवे असतील तर आपण वर्गणी काढू, पहिले पाच हजार माझे.

ही सोसायटी पंचवीस वर्षांपूर्वी बांधली तेव्हा आपण सगळ्यांनी घराची दिशा बघितली, पाणी बघितलं, स्टेशनचं अंतर मोजलं. शेजार कुणी मोजला नाही, कारण तो आपल्या हातात नव्हता. आता तो थोडासा आपल्या हातात आलाय.

त्या तिसऱ्या मजल्यावरच्या आजींच्या नातीचं लग्न पुढच्या महिन्यात आहे. हॉल स्टेशनजवळचा घेतलाय, मुद्दाम विचारून घेतलं. सगळ्यांना आमंत्रण आहे, गाडी मात्र कुणी आणू नका.

बोलण्याच्या ओघात काही कमीजास्त झालं असेल तर सांभाळून घ्या. आता पोरांना जेवू द्या.