जुन्या मोटारीचा पाणीपंप

इंदूरहून मुंबईकडे जाणारा रस्ता महू मागे टाकून मानपूरच्या घाटात उतरतो आणि माळव्याच्या पठारावरची हवा हां हां म्हणता निमाडच्या उन्हात विरून जाते. वैशाखात खलघाटच्या पुलावरून नर्मदा ओलांडून परतणाऱ्या जुन्या मोटारीची खरी कसोटी लागते ती हाच घाट चढताना. इंजिनावर भार असतो, वेग बेताचा असतो आणि समोरचा वारा थंडावा देण्याऐवजी चटके देतो. अशा वेळी मोटारीची अब्रू एका लहानशा भागाच्या हाती असते. तो भाग म्हणजे पाण्याचा पंप.

हा पंप मोटारीला प्रथमपासून होताच असे नाही. १९०८ साली निघालेल्या फोर्डच्या मॉडेल टी गाड्यांत, आरंभीच्या काही वगळता, तो नव्हता. तापलेले पाणी वर चढते, निवलेले खाली उतरते, एवढ्या निसर्गनियमावर त्यांचे काम भागे. पुढे इंजिनांची शक्ती वाढली आणि पाणी बळाने फिरविणे भाग पडले. महाराज यशवंतराव होळकर यांच्या ड्यूसेनबर्गपासून मध्यमवर्गाच्या अ‍ॅम्बॅसडरपर्यंत सर्वांना ही गरज सारखीच.

पंपाची रचना साधी आहे. पट्ट्याने फिरणाऱ्या आसाच्या एका टोकास पुली व पंखा, दुसऱ्या टोकास पाण्यात फिरणारे पात्यांचे चक्र, मध्ये बेअरिंग, आणि पाणी बेअरिंगकडे येऊ नये म्हणून सील. सील झिजले की पाणी पंपाखालच्या बारीक छिद्रातून ठिबकू लागते. हे छिद्र मुद्दाम ठेवलेले असते. ते बुजवू नये. ते ठिबकणे ही पहिली सूचना, पंखा हाताने हलवून पाहता डुगडुगणे ही दुसरी आणि घरघर ही तिसरी.

पुष्कळ मालक या सूचना ऐकूनही रोज तांब्याभर पाणी ओतून दिवस काढतात. ही काटकसर महागात पडते. पाणी फिरेनासे झाले की सिलिंडरचे हेड वाकते, गॅसकेट जळते आणि पंपाच्या किमतीच्या अनेक पट खर्च अंगावर येतो. त्याहून मोठे भय माणसाला असते. तापलेल्या रेडिएटरमधील पाणी दाबाखाली असते. टोपण उघडताच दाब सुटतो, पाणी एकदम उसळते आणि चेहरा व हात होरपळतात. म्हणून इंजिन पूर्ण निवेपर्यंत टोपणास हात लावू नये.

पंप बदलताना बॅटरीची तार सोडून, तळाचा नळ उघडून पाणी काढावे. डायनॅमोचे बोल्ट सैल करून पट्टा उतरवावा. मग पंखा व पुली काढावी. जागा अपुरी असल्यास रेडिएटरही बाहेर घ्यावा. पंपाचे बोल्ट नेहमीच एका लांबीचे नसतात. कोणता कोठला हे पुठ्ठ्यावर मांडून ठेवावे. जुन्या गॅसकेटचा कण न् कण खरवडून काढावा, कारण नव्या पंपाची गळती बहुधा येथेच जन्मते. बोल्ट समोरासमोरचे, थोडेथोडे, सारख्या हाताने आवळावेत.

पट्ट्याचा ताण हा शेवटचा, पण निर्णायक भाग. अंगठ्याने दाबता पट्टा सुमारे अर्धा इंच दबावा. सैल पट्टा घसरतो. फार ताणलेला पट्टा नव्या बेअरिंगचा लवकरच बळी घेतो. पाणी सावकाश भरावे, म्हणजे आत हवा कोंडत नाही. विंधन विहिरीच्या जड पाण्याने आत क्षार साचतात. त्याऐवजी शुद्ध केलेले पाणी व योग्य कूलंट वापरणे हिताचे. इंजिन थोडा वेळ चालवून सांधे तपासावेत, ते निवल्यावर पाण्याची पातळी पुन्हा पाहावी, आणि मगच घाटाचा विचार करावा.

काढलेला पंप मात्र भंगारात देण्याची घाई करू नये. अ‍ॅम्बॅसडरचे उत्पादन २०१४ साली थांबले. कवच शाबूत असेल, तर जाणता मिस्त्री नवे बेअरिंग व सील बसवून तोच पंप पुन्हा उभा करू शकतो. पुढल्या वैशाखात तोच उपयोगी पडेल.