चांदणी उतरल्यावर

(सामुदायिक रेडिओवर दिलेल्या भाषणाचा मजकूर)

 

सध्या आषाढ चालू आहे. पेरण्या उरकल्या, खुरपणीला बाया मिळेनात, आणि आम्ही इथं नाताळाचं बोलायला बसलोय. तुम्ही म्हणाल, यांना कुणीतरी कॅलेंडर द्या. पण आम्ही मुद्दाम आजचा दिवस निवडला. डिसेंबरात नाताळावर कुणीही बोलेल. नाताळ संपल्यावर काय, हे आम्हाला तुमच्याशी बोलायचं आहे.

आम्ही नगर जिल्ह्यातल्या एका खेड्यातल्या बाया. आमचा बारा जणींचा बचत गट आहे. आठ जणी ख्रिस्ती, चौघी इतर समाजाच्या. दर महिन्याच्या 5 तारखेला चर्चच्या ओसरीवर आमची बैठक असते.

नाताळ आला की आमच्या वस्तीवर घराघरावर चांदणी लागते. शेव, लाडू, करंज्या होतात. रात्री पेटी-ढोलकी घेऊन पोरं गाणी म्हणत फिरतात. मुलांचं नाटक असतं. त्यात एक पोरगा उतारशाळेचा मालक होतो आणि दिवस भरलेल्या मरियेला सांगतो, जागा नाही. दरवर्षी तो पोरगा अडखळतो आणि दरवर्षी आम्ही हसतो. मग मरियेचं बाळ गव्हाणीत निजतं, आणि आमच्या डोळ्यांत पाणी येतं. 6 जानेवारीला पूर्वेकडून आलेल्या मागी लोकांची आठवण करतात, आणि नाताळाचे दिवस संपतात. चांदणी उतरवून माळ्यावर जाते.

मागच्या नाताळात आमच्या ओढ्याच्या काठी ऊसतोडीची टोळी उतरली होती. वीसेक कोप्या असतील. 26 डिसेंबरला आम्ही सगळ्या मिळून फराळ आणि पांघरुणं घेऊन तिकडं गेलो. एक कोवळी पोर होती, सातवा-आठवा महिना असेल. सोबत सासू नाही, आई नाही. आमच्यातली एक म्हणाली, अगदी मरियेसारखी दिसते. आम्ही तिच्यासोबत फोटो काढला. घरी येताना मन भरून आलं होतं. नाताळ चांगला झाला, असं प्रत्येकीला वाटलं.

फेब्रुवारीच्या सुरुवातीला तीच पोर आमच्यातल्या एकीच्या फाटकाशी आली. काखेत आठ दिवसांचं बाळ, हातात हंडा. ओढ्याचं पाणी गढूळ झालं होतं, बाळंतिणीला प्यायला चांगलं पाणी हवं होतं. आमच्या बाईनं सांगितलं, बोअर आटलंय, पाणी नाही. आणि आत मोटर चालू होती, मेथीच्या वाफ्यात पाणी जात होतं. त्या पोरीला तो आवाज ऐकू येत होता. ती काही बोलली नाही, हंडा घेऊन परत गेली.

ही बाई कोण, ते आम्ही सांगणार नाही. तिच्या जागी आमच्यातली कुणीही असती. एकीला दिलं की वीस जणी येतील, बिल कोण भरणार, परकी माणसं अंगणात आली तर काही उचलून नेतील, हे सगळं आमच्याही मनात होतंच. 5 तारखेच्या बैठकीत तिनं आपणहून सांगितलं. म्हणाली, दोन रात्री झोप नाही, नाटकातला जागा नाही म्हणणारा तो पोरगा डोळ्यांपुढून हलत नाही.

सगळ्या गप्प झाल्या. मग एक जण म्हणाली, डिसेंबरात आपण दिलं होतं की. त्यावर आमच्या गटातल्या एक वयस्कर मावशी बोलल्या. त्या ख्रिस्ती नाहीत. त्या म्हणाल्या, "डिसेंबरात दिलं ते तुमच्या सणाला दिलं. तिला तहान फेब्रुवारीत लागली."

मैत्रिणींनो, हे ऐकून आमच्या माना खाली गेल्या. कारण ही गोष्ट आम्हाला लहानपणापासून माहीत आहे. शेवटच्या न्यायाच्या दिवशी प्रभू काय विचारणार, ते मत्तयाच्या शुभवर्तमानात आहे. भुकेल्याला खायला दिलं का, तान्हेल्याला पाणी दिलं का, परक्याला घरात घेतलं का, उघड्याला पांघरूण दिलं का. किती चांदण्या लावल्या, किती गाणी म्हटली, हे त्यात कुठंच नाही.

आणखी एक गोष्ट आमच्या ध्यानात आली. बायबलमधली गोष्ट गव्हाणीपाशी संपत नाही. हेरोद राजा बाळाच्या जिवावर उठतो. योसेफ रातोरात मरियेला आणि बाळाला घेऊन मिसर देशाला पळतो. परका मुलूख, परकी बोली, आणि कडेवर तान्हं मूल. तिथं त्यांना कुणीतरी पाणी दिलं असेल, कुणीतरी जागा दिली असेल. त्या माणसांची नावं बायबलात नाहीत. आमचं नाटक मात्र गव्हाणीपाशी संपायचं. पुढचं कधी आम्ही केलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी-तिघी कोपीवर गेलो. पाहिलं तर ती पोर फडात मोळ्या बांधत होती आणि बाळ बांधावर पाचटाच्या सावलीत झोळीत होतं. आम्ही म्हटलं, अगं, अजून दहावा-बारावा दिवस तुझा. ती म्हणाली, खाडा पडतो. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. नवरा-बायकोच्या जोडीला कोयता म्हणतात. कोयत्यानं हंगामाआधी मुकादमाकडून उचल घेतलेली असते. एक दिवस काम चुकलं की खाडा लागतो, म्हणजे पैसे कापले जातात. बाळंतीण असो, आजारी असो, पाळी असो, खाडा तो खाडाच.

मग आम्ही जमेल ते केलं. तीन घरांनी सकाळ-संध्याकाळ एक तास पाणी द्यायचं ठरवलं, त्याच्या विजेसाठी गटातून महिना शंभर रुपये प्रत्येक घराला. आशाताईंना कोपीवर नेलं. बाळंतपण दवाखान्यात झालं होतं, माता-बाल संरक्षण कार्ड होतं, पण दीड महिन्याची लस कुठं टोचायची, हे तिला माहीत नव्हतं. कार्ड आपल्या गावचं, म्हणून इथं चालणार नाही असं ती धरून बसली होती. आशाताईंनी सांगितलं, लस कुठल्याही गावात मिळते. अंगणवाडीताईंनी बाळाचं वजन केलं, तिचं नाव लिहून घेतलं आणि आहार सुरू केला. टोळीतली चार लहान मुलं दिवसा आमच्या दोन घरी ठेवायला लागलो, पाळीपाळीनं.

सगळं गोड झालं असं समजू नका. घरच्या माणसांनी कुरकुर केली. आमच्यातल्या एकीनं दोन पाळ्या करून सोडून दिलं, कारण तिची खुरपणीची मजुरी बुडत होती, आणि तिला बोल लावायला आम्हाला जीभ नव्हती. मार्चमध्ये त्या बाळाला जोराचा ताप आला. 108 ला फोन केला, गाडी आली, आमच्यातली एक दोन रात्री दवाखान्यात तिच्यासोबत राहिली. बाळ वाचलं. पण तीन दिवसांचा खाडा पडलाच. आम्ही मुकादमाशी बोलायला गेलो, तर तो म्हणाला, हिची उचल तुम्ही फेडता का? आमच्याकडे उत्तर नव्हतं. आजही नाही.

एप्रिलमध्ये पट्टा पडला आणि टोळी गावाला गेली. मे महिन्यात तिचा फोन आला, साडेतीन महिन्यांची लस झाली म्हणून. एवढंच बोलली.

अशा वेळी आम्हाला पंडिता रमाबाई आठवतात. 1896-97 च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी, निराधार मुलींना, बायकांना घेऊन आल्या. एक दिवस जेवू घालून त्या थांबल्या नाहीत. पुणे जिल्ह्यात दौंड तालुक्यातल्या केडगावला त्यांनी मुक्ती सदन उभं केलं. तिथं मुली शेती शिकल्या, विणकाम शिकल्या, छापखाना चालवायला शिकल्या. रमाबाईंनी साध्या बायकांना कळेल अशा मराठीत बायबलचं भाषांतर केलं, ते छापण्याचं कामही तिथल्या बायांच्या हातून झालं. 1922 मध्ये वारेपर्यंत त्यांचं हे काम चालूच होतं. आमच्यात रमाबाईंएवढं बळ नाही. पण विश्वास रोजच्या कामात दिसायला हवा, एवढं त्यांच्याकडून घेता येतं.

आणि हे फक्त ख्रिस्ती बहिणींसाठी आहे, असं नाही. आत्ता वारीत आपल्याच जिल्ह्यातली माणसं वाटेवर वारकऱ्यांना पाणी देतात, पाय चेपतात. रमजानमध्ये आमच्या मुस्लिम बहिणी जकात काढतात. सणाला आपला हात सैल सुटतो. सण सरला की तोच हात आवळतो. हे आपल्या सगळ्यांचंच आहे.

दसरा झाला की टोळ्या परत येतील. तुमच्याही गावात येतील. त्याआधी गटाच्या बैठकीत चार गोष्टी बोलून ठेवा. टोळी कुठं उतरते आणि तिथं पाणी कुठून मिळेल, हे ग्रामपंचायतीला विचारा. टोळी आली की पहिल्या आठवड्यातच आशाताई आणि अंगणवाडीताईंना घेऊन जा, गरोदर बाया आणि लहान मुलं यांची नावं लिहून घ्या. गरोदर बाईला दवाखान्यात न्यायला 102, आणि जिवावर बेतलं तर 108, हे दोन नंबर कोपीत प्रत्येकीला पाठ करून द्या. आणि मोठ्या मुलांच्या शिक्षणासाठी सरकारनं ऊसतोड कामगारांच्या मुलांकरता संत भगवानबाबा यांच्या नावानं वसतिगृहं काढली आहेत, त्याची माहिती समाजकल्याण कार्यालयातून आणून ठेवा.

आमची पुढची बैठक 5 तारखेला आहे. ओढ्याच्या काठी पाण्याची एक टाकी ठेवायची आहे. किंमत विचारून ठेवली आहे. नाताळाच्या मंडपाच्या आणि लाइटिंगच्या पैशातून निम्मे त्यात घालावेत, असं काहींचं म्हणणं आहे. काही म्हणतात, वर्षातून एकदाच सण येतो, पोरांचा हिरमोड कशाला. त्यावर अजून आमचं भांडण चालू आहे. काय ठरलं ते पुढच्या वेळी सांगू. तुमच्या गटात काय ठरलं, ते तुम्हीही रेडिओवर येऊन सांगा.

जय ख्रिस्त, आणि सगळ्यांना राम राम.